मधमाश्या किलोला कशा?

संभाजीनगरच्या शहागंजात मधमाश्या विकत मागितल्या की दुकानदार मुकाट्याने माश्या मारायचं औषध काढून पुढे ठेवतो. दोष त्याचा नाही. टॉवरच्या घड्याळापासून सिटी चौकापर्यंत जो पसारा मांडलेला असतो त्यात कुकरची शिट्टी मिळते, शेरवानीचं बटण मिळतं, मोडक्या छत्रीची एकच काडी मिळते. पण चावणारी वस्तू पैसे देऊन मागणारं गिऱ्हाईक त्याने पाहिलेलं नसतं. फळांच्या गाड्यावरच्या चाचांना विचारलं, तर ते म्हणाले, "शहद होना क्या साब? असली वाला है."

"शहद नहीं चाचा. मक्खी."

चाचांनी खरबुजांवर बसलेल्या थव्याकडे हात केला. "मक्खी तो मुफ्त है. पूरे शहागंज की ले जाव, लोगां दुआ देंगे."

हे सगळं सुरू झालं साखरेपायी. डॉक्टरांनी माझी साखर बंद केली. मी विचारलं, "मध चालेल?" डॉक्टर काही न बोलता माझ्याकडे बघत राहिले. मौन म्हणजे संमती असं धरून मी येताना मधाची बाटली घेऊन आलो, आणि घरात चौकशी आयोग बसला. आत्याबाईंनी कापसाची वात मधात बुडवून पेटवली. ती पेटली, म्हणजे मध खरा. चिरंजिवांनी ग्लासभर पाण्यात थेंब सोडला. तो विरघळला, म्हणजे मध खोटा. खरा मध कुत्रा चाटत नाही असं शेजारचे जोशीबुवा म्हणाले, म्हणून गल्लीतल्या कुत्र्यापुढे बशी ठेवली. त्याने मध चाटला, बशी चाटली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्वतःची बशी असल्यासारखा दारात हजर. पुढे थंडीत बाटलीच्या तळाशी कण बसले. "बघा, साखर!" बायको म्हणाली. चांगला मधही थंडीत गोठतो, हे मी तिला पुस्तकात दाखवलं. "पुस्तक लिहिणारा मधच विकत असेल," ती म्हणाली.

तेव्हा आमचे साडूभाऊ मध्ये पडले. साडूभाऊ वाळूजच्या एका कारखान्यातून तपासणी विभागात नोकरी करून निवृत्त झाले. जगात नापास करायला काही उरलं नाही म्हणून ते अधूनमधून आमच्याकडे येतात. "डोळ्यांदेखत तयार झालेला मध तेवढा खरा," ते म्हणाले. "गच्ची आहे ना? पेटी ठेव."

"पण माश्या?"

"आधी पेटी. माश्या काय, मिळतील."

गल्लीतल्या सुताराला बोलावलं. मी त्याच्यापुढे आकृती ठेवली आणि त्यातलं एक माप लाल पेनाने गोल करून दाखवलं : चौकट आणि पेटीची भिंत यांच्यामधली फट. लँगस्ट्रॉथ नावाच्या अमेरिकन पाद्र्याला १८५१ साली या फटीचं मर्म उमगलं. साधारण नऊ मिलिमीटरची फट माश्या ये-जा करायला मोकळी सोडतात. जास्त ठेवली तर तिथे पोळं बांधतात, कमी ठेवली तर राळेने लिंपून बंद करून टाकतात. चौकट अलगद उचलून बघता येणाऱ्या आजच्या सगळ्या पेट्या या फटीवर उभ्या आहेत.

"साहेब, दोन-चार मिलिमीटरने काय होतंय?" सुतार म्हणाला. "माश्या काय टेप घेऊन येणार?"

"अहो, टेप घेऊनच येतात!"

तो माझ्याकडे डॉक्टरांसारखाच बघत राहिला. मग मापाचा दुसरा घोळ निघाला. लँगस्ट्रॉथची पेटी परदेशी मेलिफेरा माशीची. आपली सातेरी माशी चणीने लहान, तिला एवढं घर मानवत नाही; म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिरुचिरापल्लीकडे न्यूटन नावाच्या दुसऱ्या एका पाद्र्याने लहान पेटी बनवली. आता तुम्ही कोणत्या माश्या आणणार ते सांगा, त्या मापाची करतो, असं सुताराचं म्हणणं. माश्या अजून ठरल्या नव्हत्या. त्यावर तोडगा त्यानेच काढला : "मधला साइज करून देतो. दोन्ही बसतील."

पेटी झाली सुरेख. सागवानी, पितळी कडी, वर उतरतं छप्पर. तिच्यात सातेरीची चौकट घातली की खाली घरंगळते आणि मेलिफेराची घातली की झाकण लागत नाही.

माश्यांच्या खरेदीत पहिल्यांदा अमेरिकेचा विचार झाला, कारण साडूभाऊंचा मुलगा न्यू जर्सीला असतो आणि आमच्या घरात कुठल्याही गोष्टीचा विचार तिथूनच सुरू होतो. तिकडे मधमाश्या चक्क पोस्टाने येतात. जाळीच्या खोक्यात तीन पौंड माश्या, म्हणजे दहाएक हजार. सोबत प्रवासाला साखरेच्या पाकाचा डबा, आणि मध्ये छोट्या पिंजऱ्यात स्वतंत्र राणी. राणी त्या माश्यांच्या ओळखीची नसते. पिंजऱ्याच्या तोंडाशी साखरेच्या खडीचा बोळा असतो. माश्या तो दोन-चार दिवस कुरतडत बसतात, तेवढ्यात तिच्या वासाची त्यांना सवय होते आणि पिंजरा उघडेपर्यंत परकी राणी घरची झालेली असते. ही माहिती मी चाचांना दिली. त्यांनी गाड्यावरच्या तराजूकडे एकदा पाहिलं आणि विचारलं, "किलो को क्या भाव पडेगा?"

आमच्या गल्लीत कुरिअरवाला जिना चढत नाही. पार्सल खालच्या शिलाईवाल्याकडे टाकून जातो. दहा हजार माश्या शिलाईवाल्याच्या दुकानात, समोर लग्नसराईचे ब्लाउज, वर फरफर फिरणारा पंखा. अमेरिका रद्द झाली.

मग सातेरीचा विचार. ही आपल्या मातीतली. पोकळ झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या कपारीत अंधार बघून एकाखाली एक नव्हे तर शेजारी शेजारी, समांतर पोळी बांधते. म्हणून पेटीत नांदते. तिचं राज्य महाबळेश्वरात. राज्याच्या खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय तिथे आहे, आणि जवळचं मांघर हे २०२२ मध्ये 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं, देशातलं पहिलं. मंडळाच्या मध केंद्र योजनेत प्रशिक्षण मिळतं आणि निम्मं अनुदान. इथे साडूभाऊंनी शंका काढली. "निम्मं सरकारचं म्हणजे निम्म्या माश्या सरकारी. त्या सव्वासहाला पेटीत परत येणार आणि शनिवारी-रविवारी बाहेरच पडणार नाहीत."

प्रश्न आणायच्या कशा हा होता. महाबळेश्वर ते संभाजीनगर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. माश्या रात्री हलवायच्या असतात, म्हणजे रातराणी गाडी. मी मनातल्या मनात कंडक्टरशी बोलून पाहिलं.

"डब्यात काय आहे?"

"मधमाश्या."

"किती?"

"दहा-पंधरा हजार."

"उभ्या का बसून?"

त्यातून सातेरीचा स्वभाव मानी. मुंग्या लागल्या, ऊन लागलं, खाणं कमी पडलं, पुन्हा पुन्हा झाकण उघडून कुणी डोकावलं, की राणीसकट सगळं बिऱ्हाड एका दुपारी उठून जातं. मागे राहते पेटी आणि मेणात अंडी घालणारे पतंग. साडेतीनशे किलोमीटर मांडीवर घेऊन आलेली मंडळी चौथ्या दिवशी न सांगता निघून गेली, तर आमच्या घरात त्याचा अर्थ माझ्या वागणुकीशी लावला जाईल, याबद्दल मला शंका नव्हती.

राहता राहिली मेलिफेरा. १९६२ च्या सुमारास तेव्हाच्या पंजाबात, आज हिमाचलात असलेल्या नगरोट्याला ती रुजली आणि तिथून देशभर पसरली. रुसून जायची खोड कमी, मध सातेरीच्या कितीतरी पट. फक्त ती खाते. फुलोरा नसेल त्या दिवसांत, म्हणजे ऐन उन्हाळ्यात आणि भर पावसात, तिला साखरेचा पाक करून द्यावा लागतो.

"म्हणजे," बायको म्हणाली, "तुमची साखर बंद झाली म्हणून मध. मधासाठी माश्या. आणि माश्यांसाठी साखर."

"हो, पण ती थेट माझ्या पोटात जात नाही ना."

"आणि पाणी?"

हा मुद्दा पुस्तकात बारीक अक्षरात होता. मधमाश्यांना पाणी रोज लागतं. उन्हाळ्यात त्या पाणी आणून पोळ्यावर शिंपडतात आणि पंखांनी वारा घालून पेटी गार ठेवतात. आमच्या गल्लीत नळाला पाणी आलं की लोक एकमेकांना फोन करून अभिनंदन करतात. बायकोने ते पुस्तक त्या दिवशी वाचून काढलं. खाण्याची टंचाई झाली की कामकरी माश्या नरांना पेटीबाहेर हाकलून देतात, कारण नर मध गोळा करत नाहीत, पोळं बांधत नाहीत, त्यांना नांगीही नसते, हा परिच्छेद तेवढा तिने पेन्सिलीने खूण करून ठेवला.

फुकटचा एक मार्ग होता : सुटलेला थवा पकडायचा. वसाहत मोठी झाली की जुनी राणी निम्म्या माश्या घेऊन बाहेर पडते आणि नवी जागा सापडेपर्यंत तो घोस फांदीवर लटकून राहतो. पोटं मधाने भरलेली, राखायला घर नाही, त्यामुळे एरवीपेक्षा शांत. खाली पेटी धरायची, फांदीला एक झटका द्यायचा. पुस्तकात चित्र होतं. त्यातला माणूस हसत होता. मी ही गोष्ट गल्लीत कुणाकुणाला बोललो आणि आपल्या शहराचं मन किती मोठं आहे ते मला कळलं. फोन वाजू लागले.

पहिला मुकुंदवाडीहून. "काका, पाण्याच्या टाकीखाली आहेत. लवकर या, दुसरं कुणी नेईल." टाकीखाली हातभर लांबीचं एकच काळं पोळं लोंबत होतं, आणि त्यावरून एक थरथर वरून खाली सरकत होती. आग्या मोहोळ. अजिंठ्याला लेणी बघायला गेलेल्या माणसांना जे लेणी न बघता पळायला लावतं, तेच. आग्या उघड्यावर राहते. तिला जगातली कुठलीही पेटी चालत नाही. "झाडून घ्या ना," फोन करणारा तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून, काच लावून, ओरडत होता.

दुसरा राजाबाजारातून. ती गांधीलमाशी निघाली. तिसऱ्याने जुन्या वाड्याच्या तुळईत भोक पाडणारा भुंगा दाखवला आणि "एकच आहे, पण मोठा आहे" असं सांगितलं. चौथ्या ठिकाणी भिंतीच्या भोकातून पोया ये-जा करत होत्या, मुंगीएवढ्या, बिननांगीच्या. त्या मला आवडल्या होत्या. पण त्यांच्यासाठी भिंत पाडावी लागणार होती आणि भिंत भाऊबंदकीच्या दाव्यात होती.

घराच्या मागच्या बोगनवेलीत मात्र फुलोरी सापडली. तळहाताएवढं एकच पोळं, काडीला गुंडाळून वर थोडं फुगवलेलं. बराच वेळ निरखल्यावर दिसलं की काडीवर पोळ्याच्या अलीकडे आणि पलीकडे चिकट राळेचं एकेक कडं लिंपलेलं आहे. एक मुंगी त्या कड्यापर्यंत आली, मिशी लावून पाहिली, मागे वळली. फुलोरीही पेटीत राहत नाही. उजेड लागतो तिला. मी घरी येऊन सांगितलं, माश्या आहेत, आपल्याच घरी आहेत, पण आपल्या नाहीत. आत्याबाई म्हणाल्या, "भाडेकरूसारखंच की."

शेवटी विकतच घ्यायच्या ठरल्या. जालन्याच्या बाजूला कांद्याच्या बियाण्याचे प्लॉट फुलावर आले की मधमाशीवाले तिथे पेट्या घेऊन उतरतात. माश्यांशिवाय कांद्याचं बी नीट भरत नाही, म्हणून शेतकरी पेट्या भाड्याने ठेवून घेतात. अशा एका मुलाचा पत्ता लागला. साडूभाऊ सोबत निघाले, कारण त्यांच्या मते माश्यांची भरलेली पेटी आणि जुनी स्कूटर एकाच पद्धतीने घ्यायची असते. ते टापटीप तयार होऊन आले. काळी टोपी, काळी पँट आणि शहागंजातून घेतलेलं हिना अत्तर. मी वाटेत खायला चाचांकडून डझनभर केळी घेतली.

पोचलो तेव्हा पांढऱ्या गोंड्यांवर गुणगुण चालली होती. मुलाने गोवऱ्यांचा धूर केला, दोन-चार फवारे दिले आणि एक चौकट उचलून उन्हात धरली. मधोमध तपकिरी झाकणांखाली वाढणारी पोरं, त्यांच्याभोवती परागाची पिवळी-मळकट घरं, आणि वरच्या कोपऱ्यांत पांढऱ्या मेणाखाली मध. एक माशी मागच्या पायांवर परागाचे गोळे घेऊन उतरली आणि घर शोधत बाकीच्यांच्या अंगावरून चालत गेली. मी काही बोलणार, तेवढ्यात साडूभाऊंनी चौकशी सुरू केली.

"मॉडेल कोणत्या सालचं?"

"काय?"

"राणी. परदेशात पाठीवर रंगाचा ठिपका लावतात. वर्ष १ किंवा ६ वर संपलं की पांढरा, २-७ पिवळा, ३-८ लाल, ४-९ हिरवा, ५-० निळा. हिच्या पाठीवर रंग नाही. म्हणजे कागदपत्रं नाहीत."

"काका, मी लक्षात ठेवतो. मागच्या पावसाळ्यानंतरची आहे."

"ॲव्हरेज किती देते?"

"हंगामात दिवसाला हजार-दीड हजार अंडी."

साडूभाऊ प्रथमच निरुत्तर झाले, आणि नेमकी तेव्हाच एक माशी त्यांच्या कानाच्या पाळीवर बसली. गडद कपडे आणि उग्र वास मधमाश्यांना सहन होत नाही, हे मुलाने आम्हाला सांगितलं, पण नंतर. डंख मारताना माशी धोक्याचा जो गंध सोडते, तो बराचसा पिकलेल्या केळ्यासारखा असतो. माझ्या हातात डझनभर केळी होती.

पुढचा भाग मी थोडक्यात सांगतो, कारण तो तेवढ्याच वेगाने घडला. साडूभाऊ वयाच्या मानाने उत्तम पळतात. केळी शेतात राहिली. मुलाने गाडीशी येऊन नखाने खरवडून नांग्या काढल्या. कशाही काढा, पण लगेच काढा; उशीर केला की उरलेलं विष आत जातं, हेही त्याने सांगितलं.

"उन्हाळ्यात पेटी देत नाही," तो शेवटी म्हणाला. "शहरात फुलोरा नसतो, माश्या चिडतात. दिवाळीनंतर या. आणि आधी जागा पक्की करा. एकदा ठेवलेली पेटी हलवायची तर तीन फुटांच्या आत, नाहीतर तीन मैलांच्या बाहेर. मधल्या अंतरावर नेली की बाहेर गेलेल्या माश्या जुन्याच जागी येऊन घिरट्या घालतात. तुमची पेटी कोणत्या मापाची?"

"मधल्या," मी म्हणालो. त्याने विषय वाढवला नाही.

गच्चीवर पूर्वेचा कोपरा मी ठरवला, सकाळचं ऊन म्हणून. तिथे वैशाखात कुरडया वाळतात. "तेवढे दिवस पेटी पश्चिमेला सरकवा," बायको म्हणाली. आमची गच्ची पंचवीस फूट. म्हणजे तीन फुटांपेक्षा जास्त आणि तीन मैलांपेक्षा कमी. यावर पुस्तकात उपाय आहे : पेटी आधी तीन मैलांपलीकडे नेऊन काही आठवडे ठेवायची, आणि जुनी जागा विसरल्या की आणून गच्चीच्या दुसऱ्या कोपऱ्यात मांडायची. शहागंजपासून तीन मैलांपलीकडे, विनातक्रार जागा मिळेल असं एकच ठिकाण मला माहीत आहे. चिकलठाण्याला माझी सासुरवाडी.

"कुरडयांसाठी माश्या माझ्या माहेरी राहायला जाणार?" बायकोने विचारलं. "मला मागच्या वर्षी दोन दिवस पाठवायला तुमच्या जिवावर आलं होतं."

दिवाळीनंतर मुलाला फोन केला, तर सगळ्या पेट्या बुक झाल्या होत्या. सातेरीचं प्रशिक्षण घ्यावं, तर साडूभाऊ म्हणतात मेलिफेराच घे. मेलिफेरासाठी पेटी बदलावी, तर सुतार म्हणतो याच पेटीत बसतील, माश्यांना सांगा. मधल्या काळात पेटी गच्चीवर मांडून झाली आहे. मुंग्या चढू नयेत म्हणून चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले आहेत आणि त्या वाट्यांवर वेडा राघू येऊन पाणी पितो. तो मधमाश्या खाणारा पक्षी. त्याला बातमी लागलेली दिसते.

गल्लीला मात्र एवढं पुरलं. चाचा गिऱ्हाइकांना सांगतात, "ऊपर साब रहते, मक्खी के डाक्टर है." कुणाला माशी चावली की जिन्यावर उभं राहून मला हाक मारतात. पाहुणे बाटलीभर मधाची नोंदणी करून जातात. आणि हल्ली फोन येतात ते नवशिक्यांचे. सिडकोतून, पडेगावातून, परवा एक कन्नडहून.

"काका, पहिलीच पेटी ठेवायची आहे. माश्या कुठून घेऊ?"

मी खुर्चीत नीट बसतो. पोस्टाच्या फंदात पडू नका म्हणतो. सातेरी मानी असते, मेलिफेरा खादाड. राणीचं साल विचारा. केळी नेऊ नका. घरात कुरडया घालतात का, ते आधी सांगा. तासभर जातो. समोरचा माणूस लिहून घेत असतो, ते फोनवरही कळतं.

"तुमच्याकडे किती पेट्या आहेत, काका?"

"सध्या एकच."

"बघायला येऊ का रविवारी?"

"आत्ता नको," मी म्हणतो. "उन्हाळ्यात माश्या चिडलेल्या असतात."